एफवायबीकॉमला ‘मागणीची लवचिकता’: ४८ मिनिटांचा तास कसा बांधावा?

खडूफळा:
व्यवसाय अर्थशास्त्रातला हा घटक (भाव बदलला की मागणी किती प्रमाणात बदलते) सहा तासांत बसवायचा आहे. पटावर ११० मुलं, बाक जमिनीला ठोकलेले, प्रोजेक्टर आहे. व्याख्या, प्रकार, परिणाम करणारे घटक, आकृत्या अशा ४२ स्लाइड तयार आहेत, पण पंधराव्या मिनिटानंतर वर्ग हातात राहत नाही. मोबाइलवर क्विझ घ्यावी तर हॉलमध्ये रेंज नाही. निम्मी मुलं मराठी माध्यमातली. ‘रंजक करा’ यापलीकडचं काही सांगाल का?

शेवटून_सुरुवात:
स्लाइड बंद करा आणि आधी घटक-चाचणीचे चार प्रश्न लिहून काढा. ‘विद्यार्थी लवचिकता समजून घेतील’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. ‘दोन भाव आणि दोन नग दिले तर लवचिकता काढून विक्रेत्याचं उत्पन्न वाढेल की घटेल ते सांगतील’ हे तपासता येतं. या चार प्रश्नांना ज्या स्लाइडचा उपयोग नाही ती हँडआउटमध्ये टाका. ४२ पैकी दहा-बारा उरतील.

तासाची विभागणी साधारण अशी: हजेरीचा कागद फिरवायला ३ मिनिटं, मागच्या तासावर दोन प्रश्न (वही मिटून) ५, नवा मुद्दा १२, संकल्पना-प्रश्न ७, दुसरा मुद्दा १०, कागदावर उदाहरण ८, शेवटी ‘कुठे अडलं’ याची चिठ्ठी लिहून घ्यायला ३. हजेरी पुकारत बसलात तर दहा मिनिटं तिथेच जातात.

संकल्पना-प्रश्नाची पद्धत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुजवली. प्रश्न दाखवा. दीड मिनिट कुणीही बोलायचं नाही, मग सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर दाखवायचं. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असतील तर मुद्दा पुन्हा शिकवा. ७० च्या वर असतील तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे जा. मधे असतील तर दोन मिनिटं शेजाऱ्याशी वाद घालू द्या आणि पुन्हा मत घ्या. ठोकलेल्या बाकांवर विषम रांगांनी मागे वळायचं, चौघांचा गट होतो.

याला मोबाइलची रेंज लागतच नाही. ए-फोर कागदाला दोन घड्या घाला, चार भागांवर अ, ब, क, ड ठळक लिहायला सांगा, कागद वहीतच राहील. तो छातीशी धरायचा, डोक्यावर नाही. नाहीतर मागचे पुढच्यांचं बघून ठरवतात. हात वर करायला सांगण्यात हीच गोची आहे. आणि पहिल्या मतदानाचा आकडा जाहीर करू नका, चर्चा तिथेच संपते.

प्रश्नाचा नमुना (अलवचीक म्हणजे भाव बदलला तरी फारशी न बदलणारी): ‘कांद्याची मागणी अलवचीक आहे. यंदा पीक २० टक्के जास्त आलं. शेतकऱ्याचं एकूण उत्पन्न: अ) वाढेल ब) घटेल क) तेवढंच राहील ड) सांगता येणार नाही.’

आलेख_वही:
पद्धत चोख आहे, पण नमुन्यात खोट आहे. ‘शेतकऱ्याचं’ म्हणजे एकाचं की सगळ्यांचं? एकट्याच्या शेतात २० टक्के जास्त पिकलं तर लासलगावचा भाव हलत नाही. त्याचं उत्पन्न वाढतंच, म्हणजे ‘अ’ म्हणणारा हुशार मुलगा बरोबर ठरतो. ‘सगळ्या शेतकऱ्यांचं मिळून’ असं लिहा, म्हणजे बरोबर उत्तर ‘ब’ हेच राहील. मग ‘अ’ निवडणारा नगालाच उत्पन्न समजतोय आणि ‘क’ निवडणाऱ्याला भाव-नग आपोआप तोलले जातात असं वाटतंय, हे तुम्हाला कळेल. चुकीचे पर्याय जुन्या उत्तरपत्रिकांतल्या चुकांवरून घ्या. मनानं रचलेले पर्याय कुणी निवडत नाही.

आकडे या प्रश्नात नकोत, नुसता गुणाकार होतो. ते कागदावरच्या उदाहरणात द्या: एकूण आवक १०० वरून १२० क्विंटल, भाव २,००० वरून १,२०० रुपये. उत्पन्न २,००,००० वरून १,४४,००० वर येतं. टक्केवारीच्या साध्या पद्धतीनं (बदल सुरुवातीच्या आकड्यावर काढून) लवचिकता ०.५ येते, मध्यबिंदू पद्धतीनं (बदल दोन्ही आकड्यांच्या सरासरीवर काढून) सुमारे ०.३६. कोणती पद्धत वापरायची ते आधी सांगा, नाहीतर राहिलेला वेळ त्या भांडणात जाईल.

या घटकातली खरी अडचण वेगळीच आहे: मुलं रेषेचा उतार आणि लवचिकता एकच समजतात. ‘सपाट रेषा म्हणजे लवचीक’ ही आकृती पाठ झाली की तो गैरसमज पक्का होतो. एक अख्खा तास यावर द्या. नग = १०० − १० × भाव. पहिल्या रांगांना भाव ८ द्या, मधल्यांना ५, मागच्यांना २. उत्तरं ४, १ आणि ०.२५ येतात. रेषा तीच, उतार तोच, लवचिकता तीन. ही आकृती स्लाइडवर आयती दाखवू नका. फळ्यावर काढा आणि मुलांनाही आलेख कागदावर काढू द्या. भाव उभ्या अक्षावर का, हे कुणीतरी विचारेलच. गणितात शिकलेल्याच्या उलट आहे, ती अर्थशास्त्राची जुनी रीत आहे, एवढं सांगून पुढे चला.

माध्यमाचं म्हणाल तर संज्ञा फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात दोन्ही भाषांत तासभर राहू द्या आणि चर्चा मराठीत होऊ द्या.

पोर्शन_संपवा:
ऐकायला छान. पण एका श्रेयांकाला (क्रेडिटला) १५ तास, त्यात गणपती, युवा महोत्सव, निवडणूक ड्यूटी. असे वाद घालत बसलो तर पोर्शन डिसेंबरात संपेल. शिवाय मुलं तक्रार करतात, ‘सर शिकवतच नाहीत.’

शेवटून_सुरुवात:
तक्रार होणार, हे धरूनच चला. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या अभ्यासात कृतीतून शिकलेल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलं, चाचणीत मात्र ती पुढे होती. हे दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच वर्गाला सांगा. २०१४ मध्ये २२५ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. त्यात नापासांचं प्रमाण निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के, तर कृतीयुक्त वर्गांत २२ टक्के निघालं. ते विज्ञान-अभियांत्रिकी-गणिताचे वर्ग होते, वाणिज्याला आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

पोर्शनचं म्हणणं रास्त आहे. ३० तासांचा विषय असेल तर आखणी २४ तासांचीच करा. व्याख्या आणि ‘परिणाम करणारे घटक’ दोन पानांच्या हँडआउटवर द्या, त्यावरचा एक प्रश्न तासाच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत घ्या. अंतर्गत गुणांत त्याला जागा नसेल तर कुणी वाचणार नाही. अशा दहा प्रश्नांपैकी उत्तम आठ धरले की गैरहजेरीच्या अर्जांची कटकट मिटते. पहिल्या सत्रात सगळा अभ्यासक्रम बदलायला जाऊ नका. एक चांगला प्रश्न बनवायला तासभर जातो, दोन घटक पुरे.

खडूफळा:
सगळ्यांचे आभार. शेवटच्या चिठ्ठ्या शंभरभर असतील, त्या वाचायच्या कशा?

आलेख_वही:
नावं लिहून घेऊ नका, म्हणजे मुलं खरं लिहितात. प्रश्न एकच: ‘आज कुठे अडलं?’ वाचताना तीन गठ्ठे करा: आकडेमोड, आकृती, शब्दच कळला नाही. वीसेक मिनिटांत होतं. सगळ्यात जाड गठ्ठ्यातून पुढच्या तासाचा पहिला प्रश्न काढा. ‘सगळं समजलं’ असं लिहिलेल्या चिठ्ठ्या मोजू नका, घाईत तेच लिहिलं जातं.