मदत हवी आहे: पायथनला 'कऱ्हाड' नावाच्या फायली सापडत नाहीत

मंडळी,

जुन्या मॅकवरच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर आणतोय. नावं 'कऱ्हाड_फेरफार', 'दुसऱ्या_हप्त्याची_पावती' अशी. एक्सेलमधली यादी वाचून फाइल शोधायची आणि त्या त्या गावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, एवढंच माझ्या पायथन स्क्रिप्टचं (छोट्या प्रोग्रामचं) काम. बाकी सगळं सुरळीत, पण नावात अर्धा ऱ आला की स्क्रिप्ट म्हणते अशी फाइलच नाही. टर्मिनलवर तर ती ढळढळीत दिसते!

दोन्ही नावांचे युनिकोड आकडे छापून पाहिले. यादीतल्या 'कऱ्हाड'ची लांबी ६, डिस्कवरच्याची ७. मॅकची जुनी फाइल सिस्टिम (फायली साठवायची व्यवस्था) एचएफएस प्लस नावं सुटी करून साठवते, म्हणून ऱ (०९३१) चे र (०९३०) आणि नुक्ता (०९३सी) असे दोन तुकडे झालेत. लिनक्सच्या लेखी नाव म्हणजे नुसते बाइट, मग जुळणार कसं? दोन्ही बाजू एनएफसीत (सुटे तुकडे जोडून एकच चिन्ह करणारं युनिकोडचं रूप) नॉर्मलाइज केल्यावर बऱ्याच फायली सापडल्या.

घोडं पुढे अडलंय. काही नावं फोनेटिक कीबोर्डवर टाइप झालीत. तिथे ऱ ऐवजी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) आहे, आणि एनएफसी त्याला हात लावत नाही. झेडडब्ल्यूजे सरसकट उडवला तर 'कर्हाड' होतं, रफार थेट ह च्या डोक्यावर. तुम्ही हे कसं सोडवता?

'नावं इंग्रजीत ठेवा' हा सल्ला कृपया नको. नावं मी ठरवत नाही.

प्रतिसाद
उडवू नका, बदला. आधी एनएफसी, मग 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त'. हे यादीलाही लावा. डिस्कवर नावं बदलण्याआधी नुसती यादी छापून बघा. दोन नावं एकच निघाली तर लिनक्सवर ओएस डॉट रिनेम (पायथनची नाव बदलायची आज्ञा) आधीची फाइल न विचारता पुसून टाकतं.

प्रतिसाद
नावं 'साफ' करायला रेजेक्समध्ये (मजकुरातले नमुने शोधायची भाषा) बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'कुठलंही अक्षर किंवा अंक', वापरत असाल तर जपून. पायथनचं रेजेक्ससाठीचं री मॉड्यूल काना-मात्रांना अक्षरांत धरत नाही, 'पावती'चं 'प_वत_' होतं. त्यापेक्षा कोलन, प्रश्नचिन्ह, तिरक्या रेघा अशी विंडोजला न चालणारी चिन्हं तेवढी काढा.

धागाकर्ता
तिकडी चालली, आभार! आता उरलेल्या फायली आणताना लांबलचक नावांवर एरर ३६ येतोय, नाव फार मोठं म्हणून. मॅकवर तर व्यवस्थित होती.

प्रतिसाद
ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) वर नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळं धरून ८५ चिन्हांत खेळ आटोपतो. मॅक बाइट मोजत नव्हता, म्हणून तिथे खपलं. डिस्कवर गाव आणि गट नंबर एवढंच ठेवा, पूर्ण नाव एक्सेलच्या रकान्यात.