काचपेटीतले आजारी मासे : तुमच्याकडे कशानं गुण आला, कशानं नाही?

तालुक्याला गुरांचा दवाखाना असतो, माशांचा नसतो. दुकान जिल्ह्याच्या गावी, आणि तिथे कुठल्याही आजारावर निळ्या औषधाची (मिथिलीन ब्लूची) तीच बाटली हातात पडते. म्हणून हा अनुभव धागा. काय दिसलं, पाणी कुठलं, औषध किती आणि किती दिवस, एवढं नेमकं लिहा. कंपनीच्या नावापेक्षा बाटलीवरचा घटक लिहिलात तर जास्त उपयोगाचं.

मापापासून सुरुवात करतो, कारण मात्रा लिटरवर ठरते. टाकीची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, ६१ ने भागा. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी काठोकाठ ५६ लिटरची. वरची रिकामी जागा आणि तळाची रेती सोडली तर हाती ४५ लिटरच्या आसपास पाणी उरतं. ५६ धरून औषध ओतलं की पाव हिस्सा जास्त पडतो, आणि नाजूक माशांना तेवढंही जड जातं.

खारपाणपट्टा, दर्यापूर

औषधाच्या आधी एक प्रश्न विचारा : सगळे एकदम बिघडले की एकेक करून? रात्रीतून सगळेच वर येऊन तोंड मारायला लागले असतील तर दोष पाण्यात शोधा. संसर्ग बहुधा एकदोघांपासून सुरू होतो आणि काही दिवसांत पसरतो. (गुरामी आणि फायटर वर येऊन हवा घेतातच, त्यांना यात धरू नका.)

आमच्याकडे नेहमी होणारा घोळ असा. टाकी पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यानं भरलेली, बरेच दिवस न बदललेली. तिचा पीएच (पाणी आम्लाकडे की अल्काकडे ते सांगणारा आकडा) ७ वर किंवा खाली आलेला असतो. माशांच्या घाणीतून अमोनिया साचलेला असतो, पण बराचसा निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात. मासे सुस्त दिसले म्हणून घाईनं अर्धं पाणी काढून बोअरचं ओततात आणि पीएच ८ च्या वर जातो. २५ अंशांना पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्के. अमोनिया निम्मा झाला, विषारी वाटा दहापट झाला. म्हणजे मासे आधीपेक्षा पाचपट वाईट पाण्यात. मग कल्ले लालभडक होतात आणि लोक म्हणतात, 'पाणी बदललं तरी मेले.'

अशा टाकीत खाणं बंद करा, रोज दहा-पंधरा टक्केच पाणी बदला आणि हवा जोरात ठेवा. बोअरचं पाणी मोटरमधून थेट टाकीत घ्यायचं नाही. त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. ड्रममध्ये एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा खडा) सोडून २४ तास ठेवा.

नळयोजनेचं पाणी

पावसाळ्यात गावच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर सढळ हातानं पडते. क्लोरिनला उतारा म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १० ग्रॅम खडे १०० मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, १० लिटरला १ मिली. वास डोक्यात जात असेल त्या दिवशी दुप्पट. नळाच्या पाण्यात फिल्टरचा स्पंज धुऊ नका, त्यातले अमोनिया खाणारे जिवाणू मरतात आणि आठवडाभरात अमोनिया चढतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

कपाशीवाला, पांढरकवडा

फवारनीच्या दिवसातलं कोनी लिहित नाही, म्हनून लिहितो. जुलै ते ऑक्टोबर घरामागंच फवारनी चालते. एअर पंप खिडकीत असन तं तो बाहेरची हवा ओढते अन् सरळ पान्यात सोडते. सायपरमेथ्रिनसारखे पायरेथ्रॉइड जातीचे कीटकनाशक माशाले लय जहर. मानसाले काही जानवत नाही तेवढ्यात मासे जातात.

ओळखाचं कसं? मासा गिरक्या घेते, काचीवर आपटते, अंग वाकडं करते, अन् अंगावर डाग ना ठिपका. टाकीत झिंगे असले तं ते आधी मरतात. अशा वक्ती मीठ, निळं औषध काही टाकू नका. तेवढ्याच गरम पान्यानं अर्धं पानी बदला, सहा-आठ घंट्यानं पुन्हा बदला, फिल्टरमंधी शंभर ग्रॅम अॅक्टिव्हेटेड कार्बन भरा. पंप आतल्या खोलीत आना. मच्छर मारायच्या लिक्विडच्या मशीनमंधी बी ह्याच जातीचं औषध असते, ते टाकीच्या खोलीत नको. अन् ज्या बादलीत औषध कालवलं ते दहादा साबनानं धुतली तरी माशाच्या पान्याले वापरू नका, बाप्पा.

गोंदियाकडून, पांढऱ्या ठिपक्यांबद्दल

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हा हमखास येतो. अंगावर आणि परांवर रव्याच्या दाण्याएवढे सुटे पांढरे ठिपके, मासा रेतीला अंग घासतो, पर मिटून बसतो. नर गोल्डफिशच्या फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला ठिपके असतील तर ते विणीच्या काळाचे, त्याला उपचार नको.

परजीवी कातडीखाली असतो तोवर कुठलंच औषध त्याला लागत नाही. वाढ झाली की गळून तळाला बसतो, कवच करतो, आत शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून मासा शोधत पोहतात, तेवढ्यात औषध लागू पडतं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके गेले की थांबणारे फसतात. ते गेलेले नसतात, तळाला गेलेले असतात. २५ अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत उरकतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतं.

हीटरनं पाणी तासाला एका अंशापेक्षा जास्त न चढवता २९-३० वर न्या. ४५ लिटरला ५० वॅट पुरतो, पडवीत टाकी असेल तर १०० घ्या. मीठ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ४५ लिटरला ९० ग्रॅम. साधं खडे मीठ, मगभर पाण्यात विरघळवून तीन हप्त्यांत दीड दिवसात. कोरीडोरस, लोच असे तळाला राहणारे मासे असतील तर निम्मं. रोज नळीनं तळ ओढून घ्या, कवचं त्यातच निघतात. जेवढं पाणी काढलं तेवढ्याच लिटरचं मीठ परत घाला. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी, नाहीतर मीठ चढत जातं. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी पाच दिवस चालू ठेवा. एकूण दहा ते चौदा दिवस लागतात.

दर्यापूर, पुन्हा

वरच्या मिठाला आमच्या पट्ट्यापुरती जोड. पाणी मुळातच खारट असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरनं आधी बघा. लिटरला १ ग्रॅम मीठ म्हणजे टीडीएस साधारण हजारानं वाढतो. बोअरलाच दीड हजार दाखवत असेल तर हात आखडून, एकेक ग्रॅमनं.

वर्धा

आणि ३० अंश सगळ्यालाच नाही. तोंडाभोवती किंवा पाठीवर पराच्या खाली खोगिरासारखा राखाडी-पांढरा पट्टा, कडा पिवळट, पर फाटलेले : हा कॉलमनॅरिस, जिवाणूचा आजार. लोक त्याला बुरशी समजतात. बुरशी जखमेवर कापसासारखी फुललेली असते आणि सावकाश वाढते. हा चपटा असतो आणि गरम पाण्यात एक-दोन दिवसांत मासा घेऊन जातो. इथे पाणी हळूहळू २४-२५ वर उतरवायचं, हवा वाढवायची, आजारी मासा वेगळ्या टबात.

ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पूड पाण्यात टाकून गुण येत नाही अशी तक्रार फार. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम ते औषध धरून ठेवतात, माशाला मिळतच नाही. बोअरच्या पाण्यात मात्रा वाढवत बसण्यात अर्थ नाही. मासा खात असेल तर औषध खाण्यातून द्यावं, पण मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून. नागपूरला माफसूचं (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, मार्गदर्शनासाठी तिथे विचारणं उत्तम. प्रतिजैविक मुख्य टाकीत कधीच नाही.

मामा (माजी मालगुजारी) तलावांचा भाग, साकोली

तलावातली शेवाळ-वनस्पती फुकट मिळते, तिच्यासोबत माशांच्या उवा आणि अँकर वर्म येतात. ऊ म्हणजे पाच-सात मिलिमीटरची चपटी, पारदर्शक चकती. पराच्या बुडाशी चिकटते आणि बोट लावलं की सरकते. अँकर वर्म हा कातडीत रुतलेला दोरा, बाहेरच्या टोकाला दोन फाटे. ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्यानं दोरा अगदी बुडाशी पकडायचा आणि खवल्यांच्या दिशेनं सावकाश ओढायचा. मधून तुटला तर डोकं आत राहून जखम चिघळते. जागेवर कापसाच्या काडीनं पोव्हिडोन आयोडिन, कल्ल्यांना लागू न देता. पाण्यात पिल्लं असतात, त्यामुळे तीनएक आठवडे रोज बघावं लागतं.

वनस्पती टाकीत घालण्याआधी पोटॅशियम परमँगनेटमध्ये दहा मिनिटं : १ ग्रॅम १ लिटर पाण्यात, त्या द्रावणाचे १० मिली प्रत्येक लिटरला. मग दोनदा धुऊन. मासे असलेल्या टाकीत हे टाकू नका. पीएच चढा असला की त्याचा तपकिरी साका कल्ल्यांवर बसतो.

अकोला, मे महिन्यापुरतं

२० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ ला जेमतेम ७. त्यात मासा उन्हाळ्यात जास्त श्वास घेतो. पहाटे तोंड मारत असतील तर आजार शोधण्याआधी वनस्पती मोजा, रात्री त्याही प्राणवायू घेतात. टाकीचं झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की कोरड्या हवेत दोन-चार अंश सहज उतरतात. पाणी मात्र भराभर उडतं; भर आरओच्या पाण्याची घाला, बोअरची घालत गेलात तर क्षार साचत जातात.

लाइट गेली तर : पाठीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी आणि ५ वॅटचा १२ व्होल्ट एअर पंप. बारा-पंधरा तास निघतात. पांढरकवड्याच्या भाऊंनी वर लिहिलंय ते लक्षात ठेवून फक्त बॅटरी घ्या, आणि तीही पुसून.

प्रश्न आला होता : खवले उभे राहिलेत, पोट फुगलंय

जलोदर. मूत्रपिंड गेल्यावर दिसणारं लक्षण आहे, उशीर झालेला असतो. वेगळ्या टबात एप्सम सॉल्ट १० लिटरला अर्धा चमचा, चार-पाच दिवस. खवले बसले नाहीत तर पुढे औषधांचा मारा करू नका. नुसता तिरका पोहणारा, गोल अंगाचा गोल्डफिश मात्र वेगळा : दोन दिवस उपाशी ठेवा, मग उकडून साल काढलेला वाटाणा. बहुतेक सरळ होतो.

गोंदिया

निळ्या औषधाचं राहिलं. मिथिलीन ब्लू अंड्यांवरच्या बुरशीला चांगलं, पण मुख्य टाकीत फिल्टरचे जिवाणू आणि वनस्पती दोन्ही घालवतं. वेगळ्या टबातच वापरा, तिथे फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा (तो औषध शोषून घेतो), आणि ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका.