एस्टीमचं टायमिंग: पुण्याला डायनोवर न्यावी की इथेच रस्त्यावर पुरं करावं?

सिन्नरचा_एस्टीमवाला

नमस्कार मंडळी. माझी एस्टीम २००४ ची, १.३ पेट्रोल. वडिलांनी घेतलेली, मी तिच्यावरच गाडी शिकलो, त्यामुळे विकायचा विषयच नाही. गेल्या वर्षी इंजिन उतरवून रिंगा-बेअरिंग नवीन केले, फोर-टू-वन हेडर (धुराचा पाइप) टाकला, थोडा तेज कॅम बसवला आणि कंपनीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) काढून प्रोग्रॅम करता येणारा घातला. बेस मॅप, म्हणजे त्यातल्या पेट्रोल आणि टायमिंगच्या आकड्यांचा सुरुवातीचा तक्ता, मित्राच्या गाडीचा.

पेट्रोलचा मॅप मी रस्त्यावरच बसवला. मित्र गाडी चालवायचा, मी शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन वाईडबँडकडे (मिक्स्चर दाखवणाऱ्या सेन्सरकडे) बघत. पहाटे साडेपाचला दिंडोरी रोडला निघायचो. सहा रविवार गेले, पण आता मिक्स्चर जागेवर आहे.

अडचण टायमिंगची, म्हणजे ठिणगी किती डिग्री आधी पाडायची त्याची. सिन्नरला घरी जाताना मोहदरी घाटात चौथ्या गिअरला गाडी ओढत असली की बारीक खडखड येते, पत्र्यावर ज्वारी सांडल्यासारखी. गिअर खाली घेतला की बंद. टायमिंग कुठे आणि किती कमी करू, काही कळत नाही.

पुण्याला डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) दिवसभर गाडी लावायचे पैसे विचारले. तेवढ्यासाठी तीन महिने पगारातून बाजूला काढावे लागतील. एक जण म्हणतो, डायनो म्हणजे नुसता आकडा, गाडी रस्त्यावर चालते तर रस्त्यावरच ट्यून कर. दुसरा म्हणतो, डायनोशिवाय हात लावू नको. कुणी दोन्ही केलंय का?

पंचवटीकर

मी डायनोवर करून घेतलं. कागद छान आला, फुल थ्रॉटलला गाडी सुरेख पळायची. पण द्वारका सर्कलच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला असे गचके द्यायची की बायको मागच्या सीटवर बसायला लागली. जानेवारीत सकाळी चार वेळा चावी फिरवल्याशिवाय सुरू व्हायची नाही. शेवटी ते सगळं दोन महिने मीच रस्त्यावर सुधारलं. माझं मत रस्त्याला.

अंबडचे_काका

अरे, आधी एक काम कर. आजच्या आज मॅपच्या तक्त्यात २५०० ते ३५०० आरपीएममधल्या वरच्या लोडच्या (इंजिनावर जास्त ताण असतानाच्या) घरांतून चार डिग्री काढ. पिकअप थोडा जाईल, जाऊ दे. ती खडखड म्हणजे नॉकिंग, आतलं पेट्रोल अवेळी भडकतंय. ती ऐकत गाडी घाटात ओढू नकोस.

सातपूरला एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला मी १९ वर्षं काढली, आता अंबडला माझं गॅरेज आहे. दोन्ही केलंय आणि दोन्हीकडे चुकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मिक्स्चर तुला रस्त्यावर जमलं, कारण वाईडबँड लगेच उत्तर देतो. टायमिंगचं तसं नाही. तिथे टॉर्क दिसावा लागतो आणि रस्त्यावर तो दिसत नाही, नुसता पाठीला जाणवतो. लोड धरणाऱ्या डायनोवर तू ३००० आरपीएमला थ्रॉटल पूर्ण दाबलास तरी रोलर इंजिनाला ३००० वरच अडवून धरतो. मग समज २० डिग्री दिले, टॉर्क बघितला. २२ दिले, वाढला. २४ दिले, आणखी थोडा वाढला. २६ दिले, काटा तिथेच. म्हणजे २४ ला थांबायचं. पुढचे दोन डिग्री ताकद देत नाहीत, फक्त उष्णता वाढवतात आणि नॉकिंगच्या जवळ नेतात. काही घरांत काटा थांबायच्या आधीच नॉकिंग सुरू होतं, तिथे नॉकिंगपासून दोन-तीन डिग्री मागे यायचं. हे काम रस्त्यावर करायचं तर घाट लागतो, ब्रेक लागतो, नशीब लागतं. शिवाय एस्टीम चौथ्याला ६००० पर्यंत नेलीस तर दीडशेच्या आसपास जाशील. आपल्या कोणत्याही रस्त्यावर हे चालत नाही आणि समोरून कुणाची तरी लेकरं येत असतात.

मात्र पुण्याला फोन करून एक विचार: एका आरपीएमवर लोड धरून ठेवता येतो का? नुसता जड ड्रम फिरवणारा डायनो असेल तर काही सेकंदांत खालून वर एक धाव होते आणि आलेख मिळतो. आकड्याला तो ठीक आहे, पण तुझ्या घाटातल्या घराला त्याचा उपयोग कमी.

आता माझी चूक. माझ्या जिप्सीचा मॅप मी डिसेंबरच्या पहाटे त्र्यंबक रोडला केला होता. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, त्यामुळे इथे थ्रॉटल पूर्ण उघडला तरी मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब ९४ किलोपास्कलच्या आसपासच जातो. मॅपच्या ओळी या दाबाच्याच असतात. म्हणजे ईसीयू ९० आणि १०० या दोन ओळींमधला आकडा वापरतो, १०० ची ओळ पुरी कधी लागतच नाही. माझ्याकडे त्या ओळीत बेस मॅपचे उधारीचे आकडे तसेच पडून होते. मे महिन्यात मुंबईहून येत होतो, गाडीत चार माणसं, बाहेर रणरणतं ऊन. शहापूर सोडलं आणि कसाऱ्याच्या पायथ्याला ट्रकच्या मागून तिसऱ्याला थ्रॉटल दाबला. खाली दाब नाशिकपेक्षा जास्त, हवा तापलेली, आणि ईसीयूने ते न तपासलेले आकडे उचलले. इगतपुरीला पोचलो तेव्हा तेलाच्या झाकणातून धूर येत होता.

प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिठाच्या दाण्यासारखे चकचकीत ठिपके होते. ते ॲल्युमिनियम, पिस्टनचं. हेड उतरवून पिस्टन काढला तर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधला कडा तुकडा होऊन निघाला होता, नखाएवढा. तो तुकडा अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

पुणेही साधारण आपल्याच उंचीवर आहे. म्हणजे तिथल्या डायनोवरही ती ओळ पुरी तपासली जाणार नाही. खालच्या ओळींचा कल बघून ती हाताने भरायची आणि दोन डिग्री जास्तच मागे ठेवायची.

कान मात्र आजच तयार कर. बोटाएवढी तांब्याची नळी घे, एक टोक ठोकून चपटं कर, भोक पाडून ब्लॉकच्या बोल्टखाली आवळ. दुसऱ्या टोकाला रबरी पाइप लावून केबिनमध्ये घे आणि कानावरच्या मफमध्ये सोड. नॉकिंग नुसत्या कानाला कळायच्या आधी त्यात टक्-टक् ऐकू येतं.

डायनोच्या आकड्यावर जाऊ नकोस. कागदावर ८५ अश्वशक्ती असलेली गाडी चाकावर ७० दाखवते, बाकीची गिअरबॉक्स आणि टायर खातात. शिवाय डायनो आकडा समुद्रसपाटीच्या हवेला जुळवून दाखवतो, आपल्या उंचीला तो दुरुस्तीचा गुणकच पाच-सहा टक्के भर घालतो.

गंगापूर_रोड_कॅलिब्रेशन

काकांशी सहमत, दोन गोष्टी जोडते. माझं रोजचं काम हेच आहे.

आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं. त्याचं योग्य मिश्रण, म्हणजे एक भाग इंधनाला किती भाग हवा, १४.७ नसून १३.५ च्या जवळ आहे. वाईडबँडचा डिस्प्ले लॅम्डावर ठेवा (योग्य मिश्रण म्हणजे १, त्याखाली पेट्रोल जास्त), म्हणजे इंधन बदललं तरी गोंधळ होणार नाही. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ च्या आसपास ठेवा.

दुसरं, डायनोसमोरचा पंखा ताशी ८० च्या वाऱ्याची बरोबरी क्वचितच करतो. बॉनेटखाली हवा तापते आणि ईसीयू तापमानाची दुरुस्ती लावतो. प्रत्येक धावेआधी इनटेकचं तापमान लिहून ठेवा, नाहीतर दुपारचं टायमिंग सकाळच्याशी जुळणार नाही. पंचवटीकरांना जे गचके बसले ते थ्रॉटल अचानक उघडताना लागणाऱ्या जादा पेट्रोलचे असावेत. ते आणि थंड इंजिन सुरू करणं, ही दोन्ही कामं रस्त्यावर आणि घराच्या दारातच होतात. त्यासाठी डायनोचे पैसे घालवू नका.

सिन्नरचा_एस्टीमवाला

काका, आत्ता मॅप उघडून बघितला. ३००० ला ९० च्या ओळीत २६ डिग्री आहे आणि १०० च्या ओळीत २९. लोड वाढला की टायमिंग कमी व्हायला हवं ना? इथे उलटं आहे. मित्राची गाडी अलिबागची, त्याने तिथे कधी काय केलं त्यालाही आठवत नाही.

अंबडचे_काका

सापडलं. मोहदरीत तुझा दाब ९३ च्या आसपास असेल, म्हणजे ईसीयू त्या २९ मधला वाटा आधीच उचलतोय आणि २७ देतोय. ९० ला २२ कर, १०० ला २०. शेजारची घरंही त्याच कलाने उतरव, मध्येच पायरी ठेवू नकोस. मुंबईला अजिबात जाऊ नकोस तोवर.

सिन्नरचा_एस्टीमवाला

रविवारी केलं. तांब्याची नळी भद्रकालीतून आणली. मोहदरीत तीन वेळा चढलो, मित्र चालवत होता, मी कान लावून. एकदाही टक् नाही. पिकअप थोडा कमी वाटतो, पण गाडी मोकळी चढते. पैसे साठवून दिवाळीनंतर पुण्याला नेतो, लोड धरतात असं त्यांनी फोनवर सांगितलं.

अंबडचे_काका

छान. जायच्या आधी चारही प्लग काढून माझ्याकडे घेऊन ये, कोणता कुठल्या सिलिंडरचा ते खडूने लिहून. भिंगाखाली बघू. ठिपके असतील तर आधी कॉम्प्रेशन तपासायचं, डायनो नंतर.