मदत हवी आहे: म्हशीच्या दुधाचं मोझरेला ताणतच नाही

मंडळी, घरच्या म्हशीच्या दुधाचं मोझरेला चीज ताणायच्या वेळी लांबत नाही, तुटून त्याचा चुरा होतो.

४ लिटर दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवून गार करतो. उकळत नाही, उकळलं की रेनेट (दूध गोठवणारं विकर) नीट धरत नाही. गार दुधात ७ ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून घालतो, मग ३२ अंशांवर शाकाहारी रेनेट. रेनेटसाठी पाणी उकळून गार केलेलंच. गोळा सुरीनं स्वच्छ कापला जातो, निवळी हिरवट-पिवळी सुटते, म्हणजे रेनेटवर संशय नाही. पुढे ८० अंशांच्या मीठपाण्यात मळतो. पाणी आणखी तापवून पाहिलं, फरक शून्य. गाईच्या दुधाला हेच माप बरोबर बसतं.

म्हशीच्या दुधात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त, त्यामुळे पीएच (आंबटपणाचं माप; कमी म्हणजे जास्त आंबट) ॲसिडच्या पद्धतीत ताणायला लागतो तेवढा, ५.६-५.७ पर्यंत, उतरत नसावा. पण मीटर नाही, आणि लिटमस कागदावर एवढा बारीक फरक कळत नाही. मायक्रोवेव्ह नाही. फ्रिज लाइनच्या भरवशावर, त्यामुळे रात्रभर थंडाव्यात ठेवायचा उपाय चालणार नाही. 'पनीर करा' असंही सांगू नका. ज्वारीच्या गरम भाकरीवर, ठेच्याच्या वर वितळून तार सुटणारं चीजच हवंय.

म्हशीच्या दुधाचं मोझरेला करणाऱ्यांनी सांगावं: रेनेट घालण्याआधीच दूध फाटू न देता ४ लिटरला ॲसिड किती ग्रॅमपर्यंत वाढवता येईल? की ॲसिड तेवढंच ठेवून, सोबत दह्याचं विरजण लावून गोळा कोमट निवळीत आंबू द्यावा, आणि तसं केलं तर मीटरशिवाय ताणायची वेळ कशी ओळखायची?