मांडवीत फेरीबोट आडवी आली तर वाट कोणी द्यायची? मदत हवी आहे

मंडळी, चोडणला मामाची जुनी फायबरची होडी आहे, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन, मामा हल्ली गुडघ्यांमुळे जात नाही म्हणून रविवारी मीच काढतो. परवा पणजीकडून जुन्या गोव्याच्या दिशेने चाललो होतो, मागे एक गळ सोडलेला, आणि रायबंदरच्या धक्क्यावरून फेरी सुटली, म्हणजे माझ्या उजव्या हाताला. मला वाटलं आपण मासे धरतोय, आपल्याला वाट मिळणार. तिने पाच वेळा आखूड भोंगा दिला आणि मी येडा, कोणी ओळखीचं असेल म्हणून हात केला!! मग वरून "आरे खंय वता रे" ऐकू आलं, फेरीचा रॅम्प अगदी समोर दिसला, इंजिनाचा दांडा कसा फिरवला आठवत नाही. रॅम्पमागे स्कूटरवर बसलेली एक बाई माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती, ते जास्त लागलं.

मामा म्हणतो मोठ्याला वाट द्यायची, विषय संपला. पण चोडणहून सुटलेली फेरी माझ्या डावीकडे येते, तेव्हापण मीच थांबायचं का?

प्रतिसाद १:
हात केलास हे वाचून चहा सांडला. अरे पाच आखूड भोंगे म्हणजे "तुझं काय चाललंय मला कळत नाहीये". एक म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं टाकलंय. बोटींची टक्कर टाळण्याचे 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, समुद्राला जोडलेल्या आणि मोठी जहाजं जाऊ शकतात अशा नदीतही लागतात, वर स्थानिक नियम असतील ते वेगळे. इंजिनाच्या दोन बोटी आडव्या आल्या की जिला दुसरी उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यायची, आणि तीपण पुढून काटून नाही, मागून. म्हणजे चूक तुझीच. मासेमारीची सवलत जाळ्यामुळे नीट वळता येत नाही अशा बोटीला, मागे ओढलेल्या गळाला नाही.

चोडणहून येणारी फेरी असेल तर वाट तिने द्यायची, तू वेग आणि दिशा बदलायची नाही. पण ती हलत नाहीये असं दिसलं तर बाजूला हो, फक्त डावीकडे वळू नकोस, तिच्या तोंडात जाशील. आणि अरुंद चॅनलमध्ये खोल पाणी सोडता येत नाही अशी मालाने भरलेली बार्ज (सपाट मालवाहू बोट) आली तर 20 मीटरखालच्या बोटीने तिला अडवायचं नाही, तिथे डावं-उजवं काढत बसू नकोस.

धागाकर्ता:
आभार दादा. पाच भोंग्यांचं मामाला विचारलं, त्याला माहीत होतं! म्हणे तुला ठाऊक असेल असं वाटलं.