रि: माहितीपत्रक, पान ३, ‘पगार (रुपयांत)’ रकाना

सचिव, गुरुवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,
जर्मनीत कामाला येऊ पाहणाऱ्यांसाठीचं आपल्या मंडळाचं पत्रक सोमवारी सकाळी छापायला जातंय. बाकी सगळं झालं, पान ३ चा तक्ता तेवढा अडलाय. ‘पगार (रुपयांत)’ या रकान्यात नर्सिंगचे महिन्याला २८०० युरो ब्रुटो (एका मुलीच्या करारातला आकडा) गुणिले शंभर, म्हणजे २,८०,००० रुपये असं टाकतोय. हरकत असेल तर उद्या रात्रीपर्यंत कळवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून मला आठवड्याला चार-पाच फोन येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, ‘रुपयांत किती?’

कोषाध्यक्ष, गुरुवार, रात्री १०:१५

माझी हरकत आहे, आणि मागच्या सभेतही होती. इतिवृत्तात ती आलेली नाही, ती कृपया घालावी.

२८०० ब्रुटो म्हणजे हातात २८०० नव्हेत. श्टॉयरक्लासे १ (एकट्या माणसाचा करगट) आणि मूलबाळ नाही असं धरलं तर पेन्शनचे ९.३ टक्के जातात, आजारविम्याचे ७.३ अधिक कासेच्या (आजारविमा संस्थेच्या) जादा हप्त्यातला निम्मा वाटा, बेकारी विम्याचे १.३ आणि फ्लेगेफरझिशरुंगचे (शुश्रूषा विम्याचे) २.४. कर त्याहून वेगळा. खात्यात एकोणीसशेच्या आसपास पडतात. त्यातून भाडं द्यायचं. डिपॉझिट तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं (हीटिंग वगैरे खर्च सोडून नुसत्या भाड्याइतकं) मागता येतं, आणि त्याचा पहिला हप्ता सुरुवातीलाच. हे न सांगता दोन लाख ऐंशी हजार छापले तर कुणाचा तरी बाप तो आकडा दाखवून बँकेतून कर्ज काढेल. मंडळाच्या नावाखाली असा आकडा मी जाऊ देणार नाही.

पाठशाळेच्या ताई, शुक्रवार, सकाळी ७:०५

पत्रकाची भाषा पाठशाळा तपासेल असं ठरलं होतं. मला पान १ आणि २ मिळालं, ३ कुणीच पाठवलं नाही. आणि ‘ब्रुटो’, ‘नेटो’ हे शब्द आपल्यासाठी रोजचे झालेत, पण साताऱ्यात बसून वाचणाऱ्या मुलीने काय समजायचं? ‘कापण्याआधीचा पगार’ आणि ‘हाती पडणारा पगार’ असं लिहा.

म्युन्स्टरचे काका, शुक्रवार, सकाळी ९:३०

ताईंचं शब्दांबद्दलचं म्हणणं बरोबर आहे.

मी १९९१ साली आलो तेव्हा मार्क होता आणि आम्हीही सतत गुणाकारच करायचो. ब्रेड घेतला की गुणिले, केस कापले की गुणिले, आणि मग केस कापायचेच नाहीत. दोन वर्षांनी मी तासांत मोजायला लागलो: एवढ्यासाठी किती वेळ राबावं लागतं? घरभाड्याला महिन्यातले किती दिवस जातात, हे पुण्यात किती आणि इथे किती, अशी तुलना करून बघा. रुपयांपेक्षा ते जास्त खरं निघतं.

पेन्शनचे ९.३ ‘जातात’ असं कोषाध्यक्षांनी लिहिलंय, ते मात्र मला पटत नाही. पाच वर्षं भरले की हक्क तयार होतो. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे ही पाच वर्षं मोजताना तिकडची वर्षंही धरता येतात. तिकडे कायम नोकरीतही ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतातच की. हा कापलेला पैसा म्हणजे गेलेला पैसा नव्हे.

कोषाध्यक्ष, शुक्रवार, सकाळी ९:५५

काका, पेन्शन तुम्हाला आज मिळते. बावीस वर्षांच्या मुलीला पहिल्या महिन्याचं भाडं भरायचं असतं.

आयटीतला एक सदस्य, शुक्रवार, दुपारी १२:२०

आयटीची ओळ पण घाला ना. तिथे उलटं चित्र आहे. माझा हातातला पगार, भाडं आणि पाळणाघर वजा केलं तर, पुण्यातल्यापेक्षा फार वेगळा नाही. पण तिकडे रात्री साडेदहाला अमेरिकेचा कॉल असायचा. इथे दोन पाळ्यांमध्ये ११ तास विश्रांती कायद्याने द्यावी लागते. आजारी पडलो तर पहिले सहा आठवडे पूर्ण पगार चालू राहतो. माझ्या मुलीला आता बाबा जेवताना दिसतो.

वॉर्डातली, शनिवार, पहाटे ४:१०

रात्रपाळीत आहे, आत्ता वाचलं. तुम्ही सगळे ज्या २८०० वर भांडताय तो नर्सचा आकडाच नाही!

१ जुलै २०२५ पासून वृद्धसेवेतला किमान दर मदतनिसाला तासाला १६.१० युरो आणि पात्र नर्सला २०.५० झाला. आठवड्याला ४० तास धरले तर मदतनिसाचे महिन्याला २८०० होतात, नर्सचे साडेतीन हजार. सचिवांनी ज्या मुलीचा करार पाहिला तिची अनेरकेनुंग, म्हणजे पदवीची मान्यता, व्हायची असणार. पदवी मान्य होईपर्यंत ती मदतनीसच, आणि त्या मान्यतेसाठी जर्मन भाषेची बी२ पातळी पाहिजे. हे सगळ्यात आधी लिहा.

मी २०१९ मध्ये सांगलीजवळच्या एका चाळीस खाटांच्या खासगी रुग्णालयात ११,००० वर होते. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयात नर्सला किमान २०,००० द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सुचवलं होतं. आम्हाला ते कुणी सांगितलंही नाही. रात्री बारा तास, चाळीस खाटांना आम्ही दोघी.

इथे पहिल्या सकाळी सहाला मला एका ८४ वर्षांच्या आजोबांची आंघोळ दिली. त्यांची कवळी काढून घासायची, परत बसवायची, पायाच्या बोटांमध्ये कोरडं पुसायचं. तिकडे हे मावश्या नाहीतर नातेवाईक करायचे, मी सलाईन लावायचे. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, वाटलं आपल्याला खालच्या कामाला जुंपलं. इथे नर्सिंगची सुरुवातच तिथून होते हे कळायला सहा महिने गेले. माझ्याबरोबर आलेली एकजण तेवढ्यातच परत गेली, आणि एजंटच्या करारात मुदतीआधी सोडलं तर पैसे भरण्याचं कलम होतं. तिच्या आईने बांगड्या मोडल्या.

कोषाध्यक्ष, शनिवार, सकाळी ८:३०

साडेतीन हजारांवर हाती साधारण तेवीसशे. दोन्ही ओळींचा हिशेब उद्या दुपारपर्यंत देतो.

सचिव, शनिवार, सकाळी ११:००

चूक माझी. एकाच करारावरून आकडा उचलला. रुपयांचा रकाना काढला. आता मदतनीस आणि नर्स अशा दोन ओळी, ‘हाती पडणारा पगार’, पाळीचे तास, आणि खाली करारातल्या कलमाबद्दल ठळक सूचना. पाठशाळेला पान ३ आत्ता पाठवलं. आयटीची ओळ पुढच्या आवृत्तीत, या पानावर जागा नाही.

वॉर्डातली, शनिवार, दुपारी २:४५

झोपून उठले. ‘कामाचं स्वरूप’ या ओळीत तुम्ही ‘रुग्णांची काळजी’ लिहिलंय. तिथे लिहा: रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, लघवीचं भांडं देणं हे नर्सचंच काम आहे. अगदी याच शब्दांत.

पाठशाळेच्या ताई, शनिवार, दुपारी ३:१०

याच शब्दांत राहील. मी हात लावत नाही.