मदत हवी आहे : कमी बिटरेटला ट्रान्सफॉर्म कोडिंगमधील विकृतीचा अंदाज कसा बांधावा?

नमस्कार. प्रतिमेच्या ८×८ ब्लॉकवर डीसीटी (डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे ब्लॉकचे वेगवेगळ्या वारंवारतांच्या घटकांत विभाजन) लावून सहगुणकांचे (त्या घटकांच्या मूल्यांचे) एकसमान क्वांटायझेशन (ठरावीक पायरीच्या पटीत पूर्णांकन) केल्यावर किती विकृती (मूळ प्रतिमेच्या तुलनेत त्रुटी) येईल, हे मला आधीच सांगता यायला हवे आहे. डीसीटी ऑर्थोनॉर्मल असल्यामुळे सहगुणकांमधील एकूण वर्गत्रुटी जशीच्या तशी प्रतिमेत उतरते, त्यामुळे तो भाग सोपा आहे. पायरी बारीक असताना सरासरी वर्गत्रुटी पायरीच्या वर्गाच्या बाराव्या भागाइतकी धरता येते आणि प्रत्येक वाढीव बिटमागे विकृती सुमारे ६ डेसिबलने घटते.

अडचण मोठ्या पायरीची आहे. पायरी ४० आणि सहगुणकाचा व्हेरिअन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) २५ असेल, तर तो सहगुणक जवळजवळ नेहमीच शून्य होतो; त्रुटी २५ च्या आसपास राहते, सूत्र मात्र १३३ सांगते. उच्च वारंवारतेचे बहुतेक सहगुणक याच गटात मोडत असल्याने ही तफावत किरकोळ मानणे मला पटत नाही. रिव्हर्स वॉटर-फिलिंग (व्हेरिअन्सनुसार घटकांना बिट वाटून देण्याची सैद्धांतिक पद्धत) अशा घटकांना शून्य बिट देते खरे, पण ते गाउसियन स्रोत आणि आदर्श कोडिंग गृहीत धरते, तर एसी सहगुणकांचे (शून्य वारंवारतेचा सोडून बाकीच्यांचे) वितरण लाप्लासच्या (मध्यभागी टोकदार, लांब शेपट्यांच्या) वितरणाला अधिक जवळचे असते.

अशा वेळी लाप्लास वितरणावरून डेड झोनसह (शून्याभोवतीचा पट्टा, ज्यातील मूल्ये शून्य होतात) विकृती आणि एंट्रॉपीची (लागणाऱ्या सरासरी बिटांच्या अंदाजाची) सूत्रे मांडावीत, की प्रत्येक सहगुणकाच्या हिस्टोग्रामवरून दोन्ही थेट मोजून लाग्रांज पद्धतीने (विकृती आणि बिट यांची भारित बेरीज कमीत कमी करून) पायऱ्या ठरवाव्यात? ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया कारणांसह मार्गदर्शन करावे.